मीटरकाकांचा घरगुती सूर्य

उजेड पुरेसा आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणाऱ्या माणसांची मीटरकाकांना मनापासून कीव यायची. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या प्रकाश विभागात काढली होती. शाळांचे वर्ग, इस्पितळं, वाचनालयं, बोगदे, कुठे किती दिवे लावायचे आणि किती उंचीवर, हे त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्या जगाने त्या उजेडात गुपचूप बसायचं, अशी कामाची वाटणी होती. उजेड मोजायचा लक्समीटर कायम खिशात. कचेरीत त्यांना मीटरसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावर साहेबपण खुर्चीबरोबर तिथेच राहिलं आणि मीटर तेवढा घरी आला, तेव्हापासून ते मीटरकाका. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की आधी चपला काढायचे आणि मग मीटर काढायचे. यजमानीण चहा घेऊन येईपर्यंत तिच्या बैठकीच्या खोलीचा निकाल लागलेला असायचा.

असा हा उजेडातला दर्दी माणूस राहत होता कुठे, तर तळमजल्यावर, शेजारच्या इमारतीच्या भिंतीला तोंड करून. खिडकी उघडली की समोर विटा. दुपारी बारा ते सव्वाबारा ऊन त्या विटांपर्यंत यायचं, थोडं खाली बघायचं आणि परत जायचं. बाकी दिवसभर घरात दिवा. दिव्याखाली अंधार ही म्हण शेजारच्यांनी काकांच्या पाठीमागे इतक्या वेळा वापरली होती की ती आता झिजली होती.

दोन वर्षांपूर्वी हे घर काकांनीच पसंत केलं. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि जो भेटेल त्याला काका सांगायचे, "हिच्या गुडघ्यांसाठी घेतलं हो. तिला जिने सोसत नाहीत." काकू शेजारी उभ्या असल्या तरी सांगायचे. काकू आठवड्यातून तीन दिवस शिवणवर्गात शिकवायला जायच्या, चार-चार तास उभ्या राहून मुलींची कापणी तपासायच्या. त्यांच्या गुडघ्यांना काडीचंही झालं नव्हतं.

झालं होतं ते काकांच्या पायांना. एक जिना चढला की पोटऱ्या दगडासारख्या घट्ट व्हायच्या, आणि दुसरा चढायला गेलं तर पाय उचलतच नसे. काका गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी पायांच्या नसा अरुंद झाल्याचं सांगितलं, सपाटीवर चाला पण जिने टाळा म्हणाले. घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं की सगळं उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले अशी तब्येत तरुणांचीही नसते. चौतीस वर्षं शिड्यांवर चढून दिवे टांगलेल्या माणसाने आता जिना चढवत नाही असं बायकोला कसं सांगायचं, हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो आजार काकूंच्या गुडघ्यांवर ढकलून दिला. गुडघे काही तक्रार करणार नव्हते.

काकूंनीही तक्रार केली नाही. त्यांची एक जास्वंद तेवढी तक्रार करत होती. जुन्या घराच्या गॅलरीत तिला रोज एक तरी लाल फूल असायचं, कधी चार. इथे आल्यापासून ती नुसती उंच झाली, पानं विरळ आणि फिकी, आणि कळी धरली की आठ दिवसांत पिवळी पडून गळायची. काकू गळलेली कळी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. ओळीने ठेवायच्या, आणि हे काकांना बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

अशात तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई गाव सोडून लेकीकडे राहायला निघाल्या. त्यांच्या घराला दोन बाजूंनी ऊन आणि ऐसपैस गॅलरी. भाडं इथल्याइतकंच. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत सांगा, तोवर दुसऱ्या कुणाला शब्द देत नाही, असं त्यांनी काकूंना सांगून ठेवलं. काकूंनी त्या संध्याकाळी विषय काढला आणि काकांना आधी जिना आठवला. तिसरा मजला म्हणजे चोपन्न पायऱ्या. तोंडाने मात्र ते म्हणाले की उन्हासाठी घर बदलणं हा अडाणीपणा आहे. उजेड काही चढून आणायची वस्तू नाही, ती बनवायची वस्तू आहे, आणि ज्याने अख्खे बोगदे उजळले त्याला एक कुंडी काय जड आहे.

काकूंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. "ठीक आहे. या खोलीत, याच झाडाला, पुढचा महिना संपायच्या आत एक फूल. उमललं तर मी वरच्या घराचं नाव काढणार नाही. नाही उमललं तर सामान बांधायचं."

सहा आठवडे हातात होते. काकांनी पैज मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न मोजता मारली.

आधी ते बाजारात तयार दिवे बघायला गेले. घरातल्या झाडांसाठीच्या दिव्यांचं एक नवंकोरं चकचकीत दुकान उघडलं होतं. प्रत्येक खोक्यावर हिरवंगार जंगल आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'हजार वॅट'. काकांनी पिशवीतून वीज मोजायचं यंत्र काढलं, दिवा त्यात लावला आणि आकडा दुकानदाराला दाखवला. बावीस वॅट. दुकानदार जराही हलला नाही. तो म्हणाला की हजार वॅट म्हणजे हजार वॅट नव्हे, हजार वॅटसारखा. दुसऱ्या खोक्यावर 'संपूर्ण सूर्यप्रकाश' असं होतं, त्यात लाल, निळे आणि मधूनच एक पांढरा, असे मोजून तीस ठिपके होते. तिसऱ्या दिव्याने म्हणे झाडं आनंदी राहतात. काकांनी विचारलं, आनंद कुठल्या मापात मोजता. तेव्हा दुकानदाराने त्यांना अदबीने दार उघडून दिलं.

दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूला नावं ठेवली की स्वतः बनवणं भाग पडतं. सुट्या भागांच्या गल्लीत एक बाई एलईडीचं दुकान चालवायच्या, जिथे दिव्यांचे मणी डाळीसारखे डब्यांतून भरलेले असत. त्यांना सगळे पार्टवाल्या बाई म्हणत. काकांनी एका पुस्तकातून यादी करून आणली होती. झाड लाल आणि निळा उजेड खातं, हिरवा बराचसा परत फेकतं, म्हणून ते आपल्याला हिरवं दिसतं. तेव्हा चार भाग लाल, एक भाग निळा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना वीज पुरवायचे ड्रायव्हर, उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट, बारके स्क्रू. पार्टवाल्या बाईंनी झाड कुठलं आणि किती मोठं, असं विचारलं. काकांनी त्यांना सांगितलं की ते या क्षेत्रात चौतीस वर्षं आहेत. बाईंनी मुकाट्याने मणी मोजून दिले.

जेवणाच्या टेबलावर कारखाना उभा राहिला आणि काकू ताट मांडीवर घेऊन जेवू लागल्या. काकांचं काम मात्र बघत राहावं असं होतं, हे त्यांच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. एकेक मणी सरळ रेषेत, एकेक सांधा चकचकीत, तारांना एकही गाठ नाही. पाचव्या दिवशी तीन पट्ट्यांचा दिवा कुंडीवर हातभर उंचीवर टांगला गेला. काकांनी बटण दाबलं आणि खोली जांभळी झाली.

काकूंनी काकांकडे बघितलं आणि तुम्ही थंडीने काकडल्यासारखे दिसताय म्हणाल्या. काकांचं लक्ष मीटरकडे होतं. पुस्तकात लिहिलं होतं की जास्वंदीला फुलायला किमान वीस हजार लक्स लागतात. मीटरने दोन हजार दाखवले. काकांनी बॅटरी बदलून पाहिली. दोन हजार.

आपल्या कामावर अविश्वास दाखवणं काकांच्या रक्तात नव्हतं आणि मीटरवर अविश्वास दाखवणं तर धर्मबाह्यच. तेव्हा उरली वस्तुस्थिती, आणि ती सुधारता येत होती. काका पुन्हा पार्टवाल्या बाईंकडे गेले. तीनाच्या सहा पट्ट्या झाल्या, सहाच्या दहा, दहाच्या पंधरा. मीटर रडतखडत वर सरकत होता, म्हणून काकांनी दिवा खाली घेतला. हातावरून वितीवर आणला. दिवा सोळा-सोळा तास चालू राहू लागला.

गल्लीला मात्र करमणूक झाली. खिडकीतून जांभळा उजेड समोरच्या विटांवर पडायचा आणि रस्त्यावरून जाणारे वाकून बघायचे. एकाने येऊन केस कापायचे दर विचारले. एका बाईने काकूंना बाजूला घेऊन, धंदा कसला चालू केलाय, असं दबक्या आवाजात विचारलं. काकूंनी शांतपणे सांगितलं की नवऱ्याने सूर्य घरी आणलाय. घरात टोमॅटो काळे दिसू लागले. शिवणवर्गासाठी हिरवा दोरा म्हणून नेलेला दोरा तिथे गेल्यावर करडा निघाला. काकू आता कपड्यांच्या घड्या काळा चष्मा लावून घालायच्या. महिनाअखेरीच्या तारखेभोवती त्यांनी कॅलेंडरवर बारीकसा गोल काढून ठेवला होता, बस.

झाडाची वरची पानं पांढुरकी पडायला लागली. मग त्यांच्या कडा करपल्या आणि आत वळल्या. सात कळ्या होत्या, त्यांच्या तीन उरल्या. काकांनी मीटर धरला. सतरा हजार. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड उपाशी आहे, अजून तीन हजार कमी पडतात.

पाचव्यांदा काका दुकानात गेले तेव्हा पार्टवाल्या बाईंनी डबा उघडलाच नाही. आधी त्यांनी विचारलं की काका जंगल लावताय का. काकांनी झालेला प्रकार सांगितला आणि पुरावा म्हणून मीटर काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून बघितला, मागे लिहिलेलं वाचलं.

"काका, हा माणसाच्या डोळ्यांचा मीटर आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त दिसतो, म्हणून हा तोच जास्त मोजतो. लाल-निळा याला अर्धवट दिसतो. तुमच्या पहिल्या तीन पट्ट्याच झाडाला पुरत होत्या. तुम्ही जेवण वाढताय पाच माणसांचं आणि विचारताय, हा अजून उपाशी कसा."

काका ऐकत उभे राहिले. नवीन असं त्यात त्यांना काहीच नव्हतं. कचेरीत नवी भरती झाली की पहिलं व्याख्यान त्यांचंच असायचं, आणि त्या व्याख्यानाचं पहिलं वाक्य हेच होतं, की मीटर उजेड मोजत नाही, माणसाला दिसणारा उजेड मोजतो. चौतीस वर्षं हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. आपल्या डोळ्यांना जे दिसतं त्यापेक्षा वेगळं काही दुसऱ्या जिवाला लागत असेल, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. बाईंनी विकत घ्यायला आलेल्या माणसाला काही न विकता परत पाठवलं, फक्त दोन साध्या पांढऱ्या पट्ट्या हातात दिल्या आणि दिवा उंच टांगा म्हणाल्या.

घरी येऊन काकांनी पंधरापैकी तेरा पट्ट्या उतरवल्या. दोन जांभळ्या, दोन पांढऱ्या, दीड हात उंचीवर. चार दिवस उरले होते आणि एक कळी. पांढऱ्या उजेडात घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं आणि काकूंनी चष्मा काढून ठेवला. काय चुकलं हे काकांनी सांगितलं नाही. उंची जरा बदलली, एवढंच म्हणाले.

कळी टिकली. दुसऱ्या दिवशी फुगली, तिसऱ्या दिवशी टोकाशी लाल रेघ दिसली. काका दर अर्ध्या तासाने उठून बघायचे. देवाधर्माचं त्यांना वावडं होतं, तरी कुंडीपुढे ते बराच वेळ हात जोडल्यासारखे उभे असायचे. शेवटच्या दिवशी सकाळी चहा घेताना टप असा बारीक आवाज झाला. कळी मातीवर पडली होती, लाल टोक वर करून. करपलेल्या फांदीला तिचं ओझं पेलवलं नव्हतं. झाड जगणार होतं, पण फूल ही आता पुढच्या महिन्याची गोष्ट झाली.

काकूंनी कळी उचलली आणि बशीत ठेवली. म्हणाल्या, "पाच वाजता बाई वाट बघतील."

पाच वाजायला पाच मिनिटं असताना काका शर्टाची बटणं लावून उठले. काकूंना म्हणाले, तू थांब, हरलो मी, सांगायलाही मीच जातो. वर जाऊन घर घेतो म्हणायचं, सामान चढवायला हमाल लावायचे, आणि मग रोजच्या चोपन्न पायऱ्यांचं काय करायचं ते मग बघायचं, एवढाच त्यांचा बेत होता. पहिला मजला ते कठडा न धरता चढले. दुसऱ्याच्या मध्यावर पोटऱ्यांनी काम थांबवलं. काकांनी पाय उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि मग कठडा धरून पायरीवर बसले. भिंतीवरच्या दिव्याचा उजेड साठ लक्सच्या वर नसेल, हे अशाही वेळी त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

खालून पावलं वाजली. काकू दोन पायऱ्या खाली थांबल्या आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. चप्पल निसटली असं सांगायला काकांनी तोंड उघडलं होतं. ते मिटून त्यांनी पुन्हा उघडलं.

"मला जिना चढवत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, नसा अरुंद झाल्यात."

"आणि माझे गुडघे?"

"तुझे गुडघे चांगले आहेत."

"ते मला माहीत आहे. ते माझे आहेत." काकू खालच्या पायरीवर बसल्या. वरच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मोजल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. जगाला सांगत सुटलात, हिला जिने सोसत नाहीत. मला वाटलं, माझंही काहीतरी मोजलं असणार तुम्ही. मला वाटलं, तुम्हाला मी म्हातारी दिसायला लागले. दोन वर्षं मी दुखत नसताना शिवणवर्गाचा जिना कठडा धरून चढतेय. धाकट्या लेकीनं डोंगरावर फिरायला बोलावलं तर नाही म्हटलं. का, तर गुडघे."

झाडाची माफी मागायची काकांची तयारी होती, पायांबद्दल रागावून घ्यायचीही होती. हे त्यांना दिसलंच नव्हतं. ते म्हणाले, "चुकलो मी." हा शब्द त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो नीट उमटलाही नाही.

"चुकलातच," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उठल्या. "वरचं घर नको. रोज भाजीची पिशवी घेऊन इथे बसणार का तुम्ही? पण बाईंना कारण मी सांगणार, आणि खरं सांगणार. धाकटीलाही सांगणार, शेजारीही सांगणार. आणि या रविवारी मी डोंगरावर जाणार. तुम्ही घरी राहून झाडाला पाणी घाला. मोजून घालू नका."

खरं कारण सांगायचं म्हणजे उद्या सकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळणार, परवा शिवणवर्गाला, आणि तेरवा कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांनासुद्धा. काकांनी एकदा वर बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

"सांग," ते म्हणाले.

काकू त्यांच्या बाजूने वर गेल्या. कठड्याला त्यांनी हात लावला नाही. काका पायरीवर बसून त्यांची पावलं ऐकत राहिले. भरभर, सलग, दुसरा मजला, मग तिसरा, कुठेही अडखळली नाहीत. दार उघडल्याचा आवाज आला, बाईंनी काहीतरी विचारलं, आणि मग जिनाभर ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात काकूंचं उत्तर आलं, "नाही हो, गुडघे कसले. आमच्या ह्यांना जिना चढवत नाही."

काकांनी मान खाली घातली. मग वरून पावलं परत यायला लागली, तशी त्यांनी मान वर केली. काकू त्यांच्यापाशी येऊन थांबल्या आणि हात पुढे केला. काकांनी तो धरला, त्याच्यावर भार टाकून उठले, आणि एकेक पायरी करत दोघं खाली उतरली.